मान, मान्यता आणि माणूसपण

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकार आणि जर्मनीतलं बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य यांच्यात एक करार झाला. तिकडे काम आहे पण माणसं नाहीत, इकडे माणसं आहेत पण हाताला काम नाही. तेव्हा इथल्या कुशल मुलामुलींना भाषा शिकवून तिकडे पाठवायचं, असं त्याचं साधं सूत्र. त्याच वर्षी जुलैत शासन निर्णय निघाला आणि पहिल्या टप्प्यात दहा हजार जणांचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. पाठोपाठ ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीच्या सरकारनं भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची संख्या वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांवर नेणार असल्याचं जाहीर केलं. या यादीत वीजतंत्री आहेत, ड्रायव्हर आहेत, पण आपल्या घरातल्या मुलींच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाच्या आहेत त्या नर्सेस.

तेव्हापासून बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांच्या जोडीला जर्मनीही येऊन बसली आहे. ‘ताई, पाठवावं का हो मुलीला?’ हा प्रश्न मला तीन-चार जणींनी तरी विचारला. पगार किती, थंडी किती, जेवणाचं काय, हे सगळं विचारून झाल्यावर एकीनं विचारलं, ‘तिथे तिला माणूस म्हणून वागवतील ना?’ मला वाटतं, खरा प्रश्न हाच आहे. आणि गंमत अशी, की नेमका हाच प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्याच दोन तत्त्वज्ञांनी विचारला होता. बी. ए.ला तत्त्वज्ञानाच्या पेपरात त्यांची नावं पाठ केली होती, तेव्हा ती कधी कामाला येतील असं वाटलं नव्हतं.

आधी एका शब्दाबद्दल सांगते. नर्स होऊन जर्मनीला गेलेल्या मुलीच्या तोंडी एक शब्द सारखा येतो, ‘आनेर्केनुंग’. इथली पदवी किंवा डिप्लोमा तिथे चालतो की नाही, हे तिथलं सरकार तपासतं. अभ्यासक्रम, तास, प्रात्यक्षिकं यांची तिथल्या शिक्षणाशी तुलना होते. काही कमी पडलं तर पुन्हा काही महिन्यांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं किंवा परीक्षा द्यावी लागते. जर्मन भाषेची पातळी साधारण बी-टू लागते. हे सगळं पार पडलं की जे प्रमाणपत्र हातात येतं ते ‘आनेर्केनुंग’, म्हणजे मान्यता. तोपर्यंत पूर्ण नर्स म्हणून काम करता येत नाही, मदतनीस म्हणूनच करावं लागतं. पगारही मदतनिसाचाच. यासाठी २०१२ मध्ये तिथे खास कायदा झाला. मार्च २०२४ पासून आणखी एक सोय झाली, की काही अटी पाळून आधी तिथे जायचं, नोकरीला लागायचं आणि काम करता करता मान्यता मिळवायची.

आता हाच ‘आनेर्केनुंग’ शब्द त्या दोन तत्त्वज्ञांच्या विचाराचा कणा आहे. त्यांच्या लेखी त्याचा अर्थ कागदावरच्या शिक्क्यापेक्षा मोठा आहे. एका माणसानं दुसऱ्याला माणूस म्हणून मानणं, आणि त्याच वेळी दुसऱ्यानंही पहिल्याला तसं मानणं. परस्परांची ओळख. नीती, कायदा, घर, समाज, सगळं या पायावर उभं राहतं, असं त्यांचं म्हणणं.

पहिला योहान फिश्टं. १७६२ साली सॅक्सनीतल्या राम्मेनाऊ नावाच्या खेड्यात, फिती विणणाऱ्याच्या घरी जन्मलेला पोरगा. बदकं राखायचा. असं सांगतात, की एका रविवारी गावात आलेल्या एका सरदाराचं चर्चमधलं प्रवचन चुकलं. गावकरी म्हणाले, आमच्याकडे एक पोर आहे, ते तुम्हाला सगळं प्रवचन म्हणून दाखवील. पोरानं खरंच म्हणून दाखवलं. सरदारानं त्याच्या शिक्षणाचा भार उचलला आणि त्यातून पुढे बर्लिन विद्यापीठाचा रेक्टर झालेला माणूस घडला.

या फिश्टंनं १७९६ मध्ये कायद्याच्या पायावर एक ग्रंथ लिहिला. त्यातला मुद्दा आपल्या भाषेत सांगायचा तर असा. माणूस एकटा असता तर तो माणूस झालाच नसता. ‘मी स्वतंत्र आहे, मी काही ठरवू शकतो’ हे मुळात कळतं कधी? कुणीतरी आपल्याला साद घालतं तेव्हा. ढकलणं वेगळं आणि साद घालणं वेगळं. दगडाला आपण ढकलतो. माणसाला साद घालतो आणि उत्तराची वाट बघतो. त्या वाट बघण्यातच समोरच्याला ‘तू हो म्हणू शकतेस, नाहीही म्हणू शकतेस’ हे मान्य केलेलं असतं. तान्ह्या बाळाशी आई बोलते, ते काही बोलत नसतं तरी त्याच्या उत्तराला जागा ठेवून बोलते, आणि एक दिवस ते खरंच बोलायला लागतं, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. शिक्षण म्हणजे तरी दुसरं काय असतं?

फिश्टं पुढे म्हणतो, की मला स्वतंत्र माणूस म्हणून वागवा असा आग्रह मी तेव्हाच धरू शकते, जेव्हा मीही दुसऱ्याला तसंच वागवते. दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी मी माझे हातपाय थोडे आवरून घेते आणि तोही आवरून घेतो. एकतर्फी हे चालत नाही. त्याच्या आधीच्या कांट या थोर तत्त्वज्ञानंही सांगितलं होतंच, की माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका. पण कांटसाठी ती आज्ञा आपल्याच विवेकातून येते. मुळात समोरच्या माणसाशिवाय ‘मी’ हा माणूस घडतच नाही, हे ठासून फिश्टंनं सांगितलं.

दुसरा हेगेल. त्यानं १८०७ मध्ये छापलेल्या ग्रंथातला मालक आणि सेवक यांच्याबद्दलचा भाग जगभर गाजला. दोघंजण समोरासमोर येतात. दोघांनाही वाटतं, समोरच्यानं मला मानावं. झगडा होतो. एकाला जिवाची भीती वाटते, तो वाकतो, सेवक होतो. दुसरा मालक होतो. आता मालकाला मान मिळाला का? मिळाला, पण कुणाकडून? ज्याला तो स्वतःच मोजत नाही त्याच्याकडून. ज्याच्या मताला किंमत नाही असं आपणच ठरवलं, त्यानं केलेल्या मुजऱ्याला तरी काय किंमत? मालक आतून रिकामाच राहतो. उलट सेवक राबतो, वस्तूंना आकार देतो आणि त्या आकारात त्याला स्वतःची ओळख पटत जाते. हेगेलचा निष्कर्ष असा, की दोघांनी एकमेकांना मानलं, आणि आपण एकमेकांना मानतो आहोत हे दोघांनाही ठाऊक असलं, तरच ती खरी मान्यता.

हे वाचताना कितीतरी घरं माझ्या डोळ्यांसमोर आली. ‘आमच्या घरात माझा शब्द शेवटचा’ असं मिशीला पीळ देऊन सांगणारा माणूस आणि खाली मान घालून ‘हो’ म्हणणारी बायको. तो ‘हो’ त्याला खरं समाधान देत नाही, म्हणून तो दिवसातून दहा वेळा तो मागत राहतो.

पण मैत्रिणींनो, इथेच एक अडचण आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. एवढं सगळं सांगणारे हे दोघं बायकांपाशी आले की अडखळले. फिश्टंनं त्याच ग्रंथाच्या कुटुंबविषयक भागात लिहिलं, की पत्नी स्वेच्छेनं नवऱ्याच्या अधीन होते आणि बाहेरच्या जगात तोच तिचा प्रतिनिधी. सार्वजनिक पदं बायकांना नकोत. हेगेलनं १८२० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पुरुषाला प्राण्याची आणि बाईला झाडाची उपमा दिली. तिचं स्थान घर, एवढ्यावर विषय संपवला. १८०७ च्या फेब्रुवारीत, म्हणजे तो मालक-सेवकाचा ग्रंथ बाहेर येत होता त्याच दिवसांत, येनात हेगेलच्या घरमालकिणीला त्याच्यापासून मुलगा झाला. लग्न नव्हतं. ते पोर दहा वर्षांचं होईपर्यंत दुसऱ्यांच्या आश्रयानं वाढलं, १८१७ मध्ये हेगेलनं त्याला घरी आणलं. मान्यतेचं तत्त्वज्ञान लिहिणं सोपं, स्वयंपाकघरापर्यंत आणणं कठीण, हे असं.

फिश्टंच्या घरातली गोष्ट तर आपल्या विषयाला अगदी चिकटून आहे. त्याची बायको योहाना. नेपोलियनविरुद्धच्या युद्धात, १८१३ साली, बर्लिनच्या लष्करी रुग्णालयांत ती जखमी आणि आजारी सैनिकांची शुश्रूषा करायला जायची. तिथे तिला टायफसची लागण झाली. ती वाचली, पण तिच्यापासून फिश्टंला तो ताप आला आणि जानेवारी १८१४ मध्ये तो गेला. सेवा करताना प्लेगनं गेलेल्या आपल्या सावित्रीबाई इथे आठवल्याशिवाय राहत नाहीत. पण योहानाचं नाव आज कितीजणांना माहीत आहे? जी बाई घराबाहेर पडून परक्यांचे ताप पुसत होती, तिच्या कामाला तिच्या नवऱ्याच्या पुस्तकात जागाच नव्हती. सार्वजनिक काम म्हणजे पद, खुर्ची, भाषण. जखम धुणं त्यात बसत नव्हतं.

हे जुनं झालं म्हणावं तर तसंही नाही. पश्चिम जर्मनीत १९७७ पर्यंत कायदाच असा होता, की घर आणि संसार सांभाळून जमेल तेवढीच नोकरी बायकोनं करावी. ज्या देशाच्या शिस्तीचे आपण गोडवे गातो, तिथे आपल्या आईच्या वयाच्या बायकांची ही स्थिती होती.

आणि बाहेरून आलेल्या नर्सेस? साठ-सत्तरच्या दशकांत केरळातल्या हजारो मुली चर्चच्या मदतीनं पश्चिम जर्मनीतल्या रुग्णालयांत गेल्या. दक्षिण कोरियातून तर दहा हजारांवर गेल्या. पुढे मंदी आली, गरज कमी झाली असं वाटलं, तेव्हा सत्तरच्या दशकाच्या शेवटी अनेकींचे परवाने वाढवून मिळेनात. कोरियन नर्सेसनी मात्र गप्प राहून सामान बांधलं नाही. त्यांनी सह्यांची मोहीम काढली, रस्त्यावर आल्या. त्यांचं म्हणणं होतं, तुम्हाला गरज होती म्हणून बोलावलंत, आम्ही काही माल नाही, वापरून झाला की परत पाठवायला. त्यांना राहायचा हक्क मिळाला. फिश्टंच्या भाषेत सांगायचं तर ज्यांना देशानं साद घातली होती, त्यांनी उत्तर दिलं, आणि उत्तर ऐकण्याची जबाबदारी साद घालणाऱ्यावर आली.

फ्रँकफर्टच्या आक्सेल होनेथ या विचारवंतानं १९९२ मध्ये हेगेलचा धागा पुन्हा उचलला. त्यानं मान्यतेचे तीन प्रकार सांगितले. मी त्यांना माया, हक्क आणि कदर म्हणते. घरात माया मिळाली की माणसाचा स्वतःवर विश्वास बसतो. कायद्यानं समान हक्क मिळाले की स्वतःबद्दल आदर वाटतो. आणि आपल्या कामाची समाजाला किंमत आहे हे कळलं की स्वतःची किंमत कळते. यातलं एक जरी नाकारलं गेलं तरी माणसाला जखम होते, अपमान होतो, आणि त्या अपमानातूनच मोठे लढे उभे राहतात. यावर अमेरिकेच्या नॅन्सी फ्रेझर या विदुषीनं त्याच्याशी वाद घातला. २००३ मध्ये दोघांचं पुस्तकच निघालं. तिचं म्हणणं, मानसन्मानाच्या गोष्टी करताना पैशाची वाटणी विसरू नका. मला तिचं पटतं. नुसत्या मानानं किराणा येत नाही.

होनेथनं पुढे आणखी एक इशारा दिला, तो आपण लक्षात ठेवावा. कधीकधी कौतुक हीसुद्धा बेडी असते. ‘आदर्श गृहिणी’ म्हणून बाईची वाहवा करायची आणि तिला त्याच जागी ठेवायचं. आपल्याकडे तर त्यासाठी शब्दांचा तोटाच नाही. अन्नपूर्णा, त्यागमूर्ती, घराची लक्ष्मी. आरती ओवाळायची, पण सातबाऱ्यावर नाव लावायचं नाही.

मग कौतुक खरं की खोटं हे ओळखायचं कसं? करोनाच्या काळात याची परीक्षा झाली. मार्च २०२० मध्ये जर्मनीतली माणसं संध्याकाळी बाल्कनीत येऊन नर्सेससाठी टाळ्या वाजवत होती. आपणही २२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता थाळ्या वाजवल्या. त्यात खोटेपणा होता असं मी म्हणणार नाही. माझ्या शेजारच्या आजींच्या डोळ्यांत तेव्हा खरंच पाणी होतं. पण पुढे काय झालं? जर्मनीत वृद्धांची सेवा करणाऱ्यांना त्या वर्षी दीड हजार युरोपर्यंत एकदाच बक्षीस मिळालं, रुग्णालयातल्या नर्सेसना सुरुवातीला त्यातून वगळलं. त्या म्हणू लागल्या, टाळ्यांनी घरभाडं भरता येत नाही. शेवटी २०२१ च्या सप्टेंबरमध्ये बर्लिनच्या शारिटे आणि विवांटेस या सरकारी मालकीच्या मोठ्या रुग्णालयांतल्या नर्सेसनी संप केला. महिनाभर चालला तो. एका नर्सच्या वाट्याला किती पेशंट असावेत हे लेखी ठरवा आणि त्यापेक्षा जास्त झाले तर भरपाई द्या, ही त्यातली मुख्य मागणी होती. शेवटी करार झाला आणि त्यात असे नियम आले. शारिटेपासून चालत जाण्याच्या अंतरावर एक जुनी दफनभूमी आहे. फिश्टं आणि हेगेल तिथेच जवळजवळ विसावले आहेत, आणि फिश्टंशेजारी योहानाही आहे.

माझ्या मते फरक इथे आहे. टाळी वाजवणाऱ्याला काही सोडावं लागत नाही. करार करणाऱ्याला सोडावं लागतं. पैसा, अधिकार, ‘मी म्हणेन तसं’ हा हेका. फिश्टं म्हणतो ते हातपाय आवरून घेणं हेच. समोरच्यासाठी आपण काय आवरलं, यावरून मान्यता मोजायची.

नावाचंही तसंच आहे. आपण नर्सला ‘सिस्टर’ म्हणतो. जर्मनीतही ‘श्वेस्टर’ म्हणजे बहीणच म्हणायचे. २००४ मध्ये तिथे कायद्यानं त्या पदाचं नाव बदलून आरोग्य आणि रुग्णसेवेच्या व्यवसायाचं केलं आणि २०२० पासून नवीन अभ्यासक्रमाबरोबर ‘तज्ज्ञ शुश्रूषाकर्मी’ अशा अर्थाचं नाव आलं. बहीण म्हणण्यात माया आहे, मला तो शब्द आवडतो. पण बहिणीला पगारवाढ कोण देतो? होनेथच्या तीनपैकी माया द्यायची आणि बाकीचे दोन विसरायचे, याला नात्याचं नाव फार सोयीचं पडतं. वॉर्डातल्या ‘मावशी’, घरकामाच्या ‘बाई’, अंगणवाडीच्या ‘ताई’, सगळ्या या नात्यांत अडकलेल्या आहेत.

म्हणून मुलीला जर्मनीला पाठवावं का, याचं माझं उत्तर असं. जाऊ द्या, पण तिला विचारून. ती ‘नाही’ म्हणू शकत असेल तरच तिच्या ‘हो’ला अर्थ आहे. आणि सही करण्याआधी काही गोष्टी तिनं आणि आपण विचारून घ्याव्यात. मान्यता मिळेपर्यंत कोणत्या पदावर काम, आणि पगार किती? मान्यतेची परीक्षा किंवा प्रशिक्षण कोणाच्या खर्चानं, आणि त्यासाठी कामातून वेळ मिळणार का? मधेच नोकरी सोडली तर दंड आहे का, किती? एजंट पैसे मागतोय का, आणि त्याची पावती देतोय का? करार तिला समजेल अशा भाषेत आहे का? तिथे तिला कामगार संघटनेत जाता येईल का? हे विचारलं म्हणून कुणी नाराज झालं, तर तिथेच समजून घ्यावं की साद नाही, ढकलणं चाललंय.

पण प्रश्न फक्त जर्मनीला विचारून कसं चालेल? मान्यता परस्परांची असते ना. आपल्याकडे स्थळ बघताना ‘मुलगी नर्स आहे’ म्हटलं की अजूनही काही घरांत कपाळाला आठी पडते. रात्रपाळी असते, परक्या पुरुषांना हात लावावा लागतो. तीच मुलगी परदेशी जाणार म्हटल्यावर मात्र त्याच घरातून विचारणा सुरू होते. याला कदर नाही म्हणायचं. हा युरोचा मान झाला. आमच्या भागातल्या एका खासगी दवाखान्यात काम करणारी मुलगी मला म्हणाली, ‘काकू, बारा-बारा तास उभी असते, पण डॉक्टर मला अजून नावानं हाक मारत नाहीत. ए सिस्टर एवढंच.’ तिला जर्मनीचं आकर्षण पगाराचं आहेच, पण तिथे अनोळखी मोठ्या माणसाला आदरार्थी ‘झी’ म्हणतात, म्हणजे आपलं ‘तुम्ही’, हे सांगताना तिचा चेहरा उजळला होता.

आज आपल्या घरातल्या आजारी माणसाचं पथ्यपाणी कोण करतं, रात्री कोण उठतं, आणि त्या बाईला कुणी विचारतं का, की तुला हे जमतंय का, तुला काय हवंय? ती सून असेल, मुलगी असेल, पगारी बाई असेल. तिला सुट्टीचा एक दिवस लावून देणं, घराच्या निर्णयात तिचं मत घेणं, पगारी असेल तर वेळेवर पूर्ण पैसे देणं, आणि तिला तिच्या नावानं हाक मारणं, याला कुठल्याही दूतावासाचा शिक्का लागत नाही.

हेगेलचा मालक रिकामा का राहिला, ते आपण पाहिलं. ज्या घरात राबणाऱ्या बाईच्या मताला किंमत नाही, त्या घरातल्या कुणालाच खरा मान मिळत नाही, कारण तो द्यायला बरोबरीचं कुणी उरलेलंच नसतं. आपल्या मुली उद्या जर्मनीत मान्यतेचा कागद मागतील, भांडून मिळवतीलही. पण ‘मलाही मत आहे’ हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा म्हणायचं ते आपल्या घरात, आणि तेव्हा ते ऐकून घ्यायला घरातल्या सगळ्यांनी हातातलं काम क्षणभर बाजूला ठेवायला हवं.